न्हाणीच्या पाण्यावरचं सफरचंद

गोव्यात सफरचंद होत नाही, हे मला कृपा करून कोणी सांगू नये. मला ते सगळ्यांनी सांगून झालंय. नवऱ्याने सांगितलं, नणंदेने फोनवरून सांगितलं, दारावर मासे घेऊन येणाऱ्या नुस्तेकारणीने बांगडे मोजता मोजता सांगितलं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ज्याने मला रोप विकलं, त्यानेसुद्धा ते गोणपाटात गुंडाळून माझ्या हातात दिल्यावर सांगितलं, की बाई, झाड होईल, फळाचं काय ते देव जाणे. मी म्हटलं, आता सांगतोस होय?

रोपाला तेव्हा चार पानं होती आणि एक काठी बांधलेली होती. कलम उष्ण हवेतलं आहे, याला बर्फबिर्फ लागत नाही, जोडीला दुसरं झाडही लागत नाही, एवढं तो छातीवर हात ठेवून म्हणाला होता. पेडण्याच्या बसमध्ये मी ते मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईने विचारलं, गुलाब काय? मी म्हटलं, सफरचंद. ती खिडकीकडे सरकून बसली.

माझं माहेर सुर्ल्याचं. खाणीचा गाव. वडील खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. आमच्या दारात जास्वंद होती ती नावाला. पान काय, फूल काय, धूळ बसून सगळं एकाच तांबड्या रंगाचं. झाड लावून वाढवायची हौस आमच्याकडे कोणाला परवडत नसे, कारण ते धुणार कोण? आणि सफरचंद घरात यायचं ते कोणी अंथरुणाला खिळलं तरच. मला लहानपणी टायफॉइड झाला होता, तेव्हा वडिलांनी डिचोलीहून आणलेलं एक सफरचंद मी उशाशी ठेवून तीन दिवस नुसतं बघितलं आणि मग खाल्लं. तोंडाला चव नव्हती, गोड की कडू काही कळलं नाही. पण दाताखाली जो आवाज झाला तो अजून लक्षात आहे. आमच्याकडची फळं असा आवाज करत नाहीत. आंबा, फणस, केळं, चिकू, सगळी मऊ. तो करकर आवाज मला माझ्या दारच्या झाडाचा हवा होता, बस्स. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

आता जागेचं सांगते, कारण सगळं भांडण जागेचं.

लग्न होऊन मी पार्शाला आले त्याला वीस वर्षं होऊन गेली. घरामागे परडं आहे, म्हणजे परसबाग. काजू वरच्या भरडात, म्हणजे चढावरच्या कोरड्या जमिनीत, माड खाली, मध्ये विहीर. आणि न्हाणीघराच्या मागच्या भिंतीला लागून एक हातभर ओल असलेला तुकडा, जिथे घरातल्या सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी जाऊन मुरतं. परड्यातली सगळ्यात गुणी जागा तीच. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली तरी तिथली माती ओली. तिथे एक माड होता, सासऱ्यांच्या हातचा. एका वैशाखात वादळ झालं आणि तो माड गोठ्यावर न पडता, शहाण्यासारखा बाजूला कुंपणावर आडवा झाला. सासूबाईंनी त्याला हात लावून नमस्कार केला, खोड कापून नेलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या जागेला शेणपाणी घालून म्हणाल्या, मिरगाला इथे नवा माड लावायचा. मिरग म्हणजे मृग नक्षत्र. आमच्याकडे काहीही लावायचं ते मिरगाला.

आणि तिसऱ्या दिवशी मी म्हापशाहून सफरचंद घेऊन आले आणि त्या जागेत लावलं. सासूबाई देवळात गेल्या होत्या. मुद्दाम नाही हं लावलं त्या नसताना. बरं, मुद्दाम लावलं.

सासूबाईंना आम्ही सगळे आये म्हणतो. आयेचं वय पंचाहत्तरच्या पुढे, उंची माझ्या खांद्याएवढी, आणि परड्यातलं प्रत्येक झाड तिच्या हुकमात. अळवाचं पान कुठलं खुडायचं हेसुद्धा मी तिला विचारते, किंवा विचारत नाही आणि मग ऐकून घेते. त्या दिवशी ती देवळातून आली, रोपाकडे बघितलं. पाय धुतले, चहा प्यायली, उंडो पाव चहात बुडवून खाल्ला. मग परड्यात जाऊन रोपासमोर उभी राहिली आणि मला हाक मारली.

"हय माड होतो. हयच माड लागतलो."

मी म्हटलं, आये, माड परड्यात बारा आहेत. सफरचंद एक पण नाही.

आमचं जे काही झालं ते पाव विकणारा पोदेर सायकलचा भोंपू वाजवायचा थांबून ऐकत उभा राहिला इतकं झालं. नवरा पणजीला कचेरीत गेला होता ते त्याचं नशीब. संध्याकाळी तो आल्यावर दोघींनी त्याला आपापली बाजू सांगितली. त्याने दोघींना 'तुझं बरोबर आहे' असं सांगितलं आणि टीव्ही लावला. सरकारी नोकरीत माणूस हेच शिकतो.

शेवटी आयेनेच तोड काढली. रागात काढली, पण काढली. "ह्यो मिरग सोडून तीन मिरग देतंय तुका. तिसऱ्या मिरगाआधी ह्या झाडाचा फळ माका खावक मिळाक व्हया. गोड व्हया, आणि दाताखाली कुरुम वाजाक व्हया. आंबट नाय तर पिठाळ निघाला तर झाड उपटतलंय आणि माड लावतलंय. आंबटाक बिमला-करमला आमच्याकडे कमी आसत काय?"

मी म्हटलं, मान्य. आणि खाऊन सांगायचं कोणी? ती म्हणाली, मी सांगणार. बघा आता. वकील तीच, न्यायाधीश तीच. पण मला त्या वेळी इतका जोर चढला होता की मी तेही मान्य केलं.

पहिली दोन वर्षं झाडाने फक्त उंची वाढवली. पाऊस संपला की फांद्या सरळ आकाशात. मी मोबाइलवर बघून फांद्यांना दगड बांधून त्या आडव्या वाकवल्या, तर नुस्तेकारीण म्हणाली, झाडाला फाशी दिलीस काय गो? एक वर्ष संपलं, दुसरं संपलं. पानं छान, हिरवीगार, दातेरी, पण फुलाचं नाव नाही. सफरचंदाला थंडी लागते ती झोपायला. थंडीत पानं गाळून ते झोपतं आणि जागं होताना फुलतं. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे एक गोधडी. झाड बिचारं झोपणार कधी आणि जागं होणार कधी? बारा महिने डोळे उघडे ठेवून उभं. मी त्याच्याशी बोलायचे, चिडायचे, कधी पाया पडायचे. शेण घातलं, गांडूळखत घातलं, राख घातली. दुसरा मिरग आला तेव्हा आयेने एक चांगला कोंब फुटलेला नारळ निवडून विहिरीजवळ मातीत अर्धा पुरून ठेवला, रोप तयार व्हायला. मला दिसेल असा.

तिसऱ्या वर्षीचा पाऊस ओसरला. चतुर्थी झाली, दसरा झाला, आणि दिवाळीच्या आधी एके सकाळी मी झाडाकडे गेले तर पानांच्या कडा करपलेल्या. मला वाटलं ऊन. दोन दिवसांनी अर्धं पान तपकिरी. मग फांद्याच्या फांद्या, जणू कोणी मशाल फिरवलीय. मी बुंध्याशी बसले आणि माती उकरली, तर बोटाला खडे लागले. पांढरे, जाडे. जिभेला लावून बघितले. मीठ.

आगरातलं जाडं मीठ. आमच्या घरी आगरवाड्याच्या मिठागरातून दरवर्षी टोपलीभर येतं. त्यातलं थोडं लोणच्याला, थोडं सुक्या मासळीला, आणि उरलेलं माडांना. पाऊस सरला की माडाच्या बुंध्याभोवती आळं करून ओंजळ ओंजळ मीठ घालायचं, वर राख, वर पालापाचोळा. माडाला मीठ मानवतं. समुद्रकाठचं झाड ते. पण सफरचंद?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच मातीच्या हातांनी स्वयंपाकघरात शिरले. आये खोबरं खवत होती. मी म्हटलं, मीठ कोणी घातलं?

"मिया घातलंय," ती म्हणाली. खवणं थांबवलंसुद्धा नाही.

"का?"

"माडाक घालतंय तसा त्याकाय घातलंय. दोन वर्सा झाली, फुलत नाय. तू काय ता पुडीतला खत घालतस, त्यात मीठ खय आसा? मुदत देवन झाडाक उपाशी ठेवचा, ह्या माका जमणा नाय."

आता सांगा, काय करायचं या बाईचं? मी भांडायला कंबर कसून आलेली. मला वाटलेलं, हिने मारलंच माझं झाड. आणि ती तर त्याला जेवू घालून बसली होती, आपल्या माडांच्या पंगतीत, आपल्या हाताने, मला न सांगता. राग आत अडकून बसला आणि बाहेर काढायला जागाच नाही. मी मोठ्याने म्हटलं, आये, मीठ सफरचंदाला विष. ते मरतंय.

ती उठली. खवलेलं खोबरं तसंच टाकून उठली, हे मी तिला आयुष्यात एकदाच करताना बघितलं. झाडाजवळ गेली, करपलेलं पान तळहातावर घेऊन चुरगाळलं. तिचा चेहरा उतरला. मग पदर खोचून म्हणाली, "कुदळ हाड."

मी कुदळ आणली आणि ती सबंध सकाळ आम्ही खणत होतो. वरची खारट माती घमेल्यात भरून कुंपणाबाहेर, आणि तिच्या जागी भरडातली काजूच्या पानांची काळी माती. मग पाणी. विहिरीला तेव्हा भरपूर होतं. मी रहाटावर, आये बाल्दी ओतायला. मीठ धुऊन खाली जाऊ दे, खाली जाऊ दे, असं ती प्रत्येक बाल्दीला म्हणत होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. माझ्या हातांना फोड आले. झाडाची पानं गळतच होती. शेवटी जी काही उरली ती नुसती लोंबत होती, धड मेलेली नाहीत, धड जिवंत नाहीत.

ती बघून आये म्हणाली, "मोगऱ्याची पाना काढतंव ना, तशी काढूया."

मोगऱ्याचं आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. मोगरा नुसता पानांनीच माजला, फुलेना, तर थंडीत त्याची सगळी पानं हाताने ओरबाडून टाकायची. मग तो चवताळून फुलतो. मी म्हटलं, काढा, करपलेल्याला अजून काय होणार? आम्ही दोघींनी दोन बाजूंनी पानं काढली. शेंड्याची तिच्या हाताला येईनात म्हणून मी फांदी वाकवून धरली. झाल्यावर झाड म्हणजे नुसत्या काड्या, त्यांना लटकलेले माझे दगड. नुस्तेकारणीने त्या दिवशी दोन बांगडे जास्त घातले. तिने फुकट घातले म्हणजे बघा.

मुदतीबद्दल मी एक शब्द काढला नाही. माझाही स्वभाव असा, की वाढवून मागायचं म्हणजे जीभ रेटत नाही. आणि आयेही काही म्हणाली नाही. नारळाचं रोप विहिरीजवळ वाढत होतं, त्याला एव्हाना चांगली हातभर पाती आलेली.

जानेवारी लागला. धुकं पडत होतं, काजूला मोहर आलेला. मी आत भाकऱ्या भाजत होते. मागच्या जनेलातून, म्हणजे खिडकीतून, आयेची हाक आली, नेहमीपेक्षा बारीक आवाजात. "गो, हय ये. ह्या काय ता बघ."

मी तव्यावर भाकरी टाकून धावले. काडीच्या टोकाला गुलाबी ठिपका. मुगाच्या दाण्याएवढा. त्याच्या शेजारी आणखी. खालच्या वाकवलेल्या फांदीवर ओळीने. मला आधी कळेचना, मी नाक लावून बघत होते. आये माझ्या दंडाला धरून म्हणाली, कळे, गो, कळे. आणि मी, चाळिशी ओलांडलेली बाई, परड्यात उड्या मारायला लागले. भाकरी जळाली. ती जळालेली भाकरी त्या दिवशी नवऱ्याने काही न बोलता खाल्ली, कारण आम्ही दोघी एकाच वेळी बोलत होतो आणि त्याला बोलायला जागाच नव्हती.

चार दिवसांत कळे उमलले. बाहेरून गुलाबी, आतून पांढरे, आणि वास असा मंद की जवळ गेल्याशिवाय कळू नये. पान एक नाही आणि काड्यांवर फुलंच फुलं. आख्खा गाव लोटला म्हटलं तर खोटं होईल, पण अर्धा लोटला. नुस्तेकारणीने बातमी सगळीकडे पोचवली, बांगड्यांबरोबर. नणंद पलीकडे रेडीला दिलेली, ती तेरेखोलच्या फेरीबोटीने नदी ओलांडून बघायला आली आणि फुलांसोबत फोटो काढून गेली. येणाऱ्या प्रत्येकाला आये सांगायची, मीठ घालून करपवलं, मग मोगऱ्यासारखी पानं काढली, तेव्हा फुललं. अगदी सगळं आधीपासून ठरवून केल्यासारखं सांगायची. मी ऐकत उभी. पुढे मला कळलं की उष्ण मुलखात सफरचंदाची पानं खरंच हाताने काढतात, थंडीतल्या झोपेच्या बदली. पण ते मी आयेला सांगितलं नाही. आधीच काय कमी फुगली होती?

मी कापसाचा बोळा घेऊन फुलाफुलाला फिरवत होते. सकाळ-संध्याकाळ. झोप उडालेली. फळ धरेल का, टिकेल का, पिकेल का, हेच डोक्यात. फळं धरली, वाटाण्याएवढी झाली, आणि निम्मी गळाली. मग बोराएवढी झाली, आणि आणखी गळाली. एप्रिलमध्ये मोजकी उरली होती आणि मे लागला तेव्हा पाच. ती लिंबाएवढी झाल्यावर माकडं आली. आमच्या गावात माकडं वेळापत्रक लावून येतात, पेरूच्या वेळेला पेरूवर, आंब्याच्या वेळेला आंब्यावर. सफरचंद त्यांच्या वेळापत्रकात नव्हतं, पण शिकायला त्यांना किती वेळ लागतो? एका दुपारी तीन फळं गेली. एक तर अर्धवट चावून टाकून दिलं, मला दाखवायला ठेवल्यासारखं. मी कुंपणापर्यंत कोयता घेऊन धावले. माकडाने वरून माझ्याकडे असं बघितलं, की मीच चोर.

दोन उरली.

त्या संध्याकाळी आये न्हाणीच्या पायरीवर बसून चुडतं विणत होती. चुडत म्हणजे माडाची झावळी. फणस लहान असताना त्याला झावळीचा झाप विणून गुंडाळतात तसे तिने दोन छोटे झाप विणले, तांब्याएवढे, आणि दोन्ही सफरचंदांना घालून वरून दोरी ओढली. मी म्हटलं, आये, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात? ती म्हणाली, "मी माकडांच्या बाजूने नाय, इतक्या समज."

आता खरा प्रश्न काढायचं कधी हा होता. मिरग पंधरा दिवसांवर आलेला. आयेने खड्डा मारायला माणूसही सांगून ठेवला होता, हे मला नवऱ्याकडून कळलं. मी रोज झाप सैल करून आत बघायचे. फळ वाढलं, पण लाल होईना. बाजारातलं कसं लालभडक असतं. माझं फिकट हिरवं, एका गालावर जराशी लाली. थांबूया, लाल होऊ दे, थांबूया. असं करत आठवडा गेला. शेवटी एक फळ हाताला लागताच सुटून आलं. दुपारची वेळ, ते हातात कोमट लागत होतं. मी नाचत आत आणलं आणि आयेसमोर आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, कापलं.

आवाज आला नाही. पातं आत गेलं ते उकडलेल्या बटाट्यात जावं तसं. आयेने फोड तोंडात घातली, चघळली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "गोड आसा." मग घास गिळून, "पण पीठ."

मी खाऊन बघितलं. खरंच गोड होतं. आणि खरंच पीठ. तोंडात भुगा होत होता. मला इतकं वाईट वाटलं की उरलेल्या फोडी मी कुंपणापलीकडे भिरकावल्या. एक फळ उरलं होतं. तेही असंच निघणार, झाडाचा गुणच असा असणार, असं मनाने घेतलं. तीन वर्षं गेली, हाताला फोड आले, आणि खड्डा मारणारा माणूस दारात येणार. मी त्या रात्री जेवले नाही. आयेने एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं नाही.

दोन दिवसांनी मला सुर्ल्याला जावं लागलं, भावाच्या नव्या घराची पूजा होती. जायची इच्छा नव्हती. पहाटेच्या अंधारात निघताना झाडाजवळ जाऊन झाप आहे ना बघितलं. होता. पूजेत माझं लक्ष नव्हतं. वहिनीने प्रसाद हातात ठेवला तो मी कपाळाला लावायचा तर केसात लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली बस धरून परत आले. आभाळ भरून आलेलं, वारा पडलेला. घरात न शिरता सरळ परड्यात गेले.

झाप दोरीला रिकामा लोंबत होता.

मी खालीच बसले. न्हाणीच्या त्या ओल्या मातीत, प्रवासाच्या साडीने. रडले म्हणजे चांगलं गळा काढून रडले. माकडांना शिव्या दिल्या, म्हापशाच्या त्या रोपवाल्याला दिल्या, नवऱ्याला दिल्या, त्याचा काही संबंध नव्हता तरी. कुंपणापलीकडून कोणीतरी डोकावून गेलं.

"काय झाला रडाक?" आये विहिरीजवळ उभी होती.

"नेलं, आये. माकडांनी नेलं."

ती रहाटाकडे वळली आणि दोर ओढायला लागली. सावकाश, हात बदलत, कळशी कुठे आपटू नये म्हणून जपत. मला वाटलं मला तोंड धुवायला पाणी काढतेय. कळशी वर आली. तिने तिच्यात हात घातला आणि सफरचंद बाहेर काढलं. ओलं, गार, हिरवं, जराशा लालीचं.

"काल उजवाडताना काढलंय," ती म्हणाली. "गार आसताना. तू लाल होवची वाट बघतलंस तर ह्याचाय पीठ झाला असता. बोट मारून बघितलंय, आवाज चांगलो येय होतो. आणि दुपारचा फळ आंगात ऊन घेवन बसता, ता कुरुम कसा वाजतला? म्हणान बांयत सोडलंय."

कलिंगड आमच्याकडे असंच विहिरीत सोडतात, ते मला माहीत होतं. मला जे सुचलं नाही ते तिला सुचलं, त्याचंही मला काही नाही. पण फळ चुकलं असतं तर जागा तिची होती. काही न करता, नुसतं हात बांधून बसली असती तरी माड तिचा होता. मी नाक पुसायचं विसरून तिच्याकडे बघत राहिले.

आडाळा आणायला मी धावले. ती म्हणाली, नको. पदराने फळ पुसलं, तोंडातली कवळी अंगठ्याने नीट दाबून बसवली, आणि चावली.

तो आवाज मला चार हातांवर ऐकू आला. करकन. विहिरीच्या कठड्यावरून फिरून आल्यासारखा. तिच्या हनुवटीवरून रस ओघळला. ती चावत होती, डोळे मिटून, आणि माझा जीव टांगणीला. मग तिने उरलेलं फळ माझ्या हातात दिलं. मी चावलं. तोच आवाज, माझ्या दातांखाली, माझ्या दारात, आणि या वेळी तोंडाला चव होती. गोड, किंचित आंबट, आणि गार.

मी फक्त तिच्याकडे बघितलं, की सांगा आता, न्यायाधीश तुम्ही.

आयेने तोंड पुसलं. एकदा झाडाकडे बघितलं, एकदा विहिरीजवळच्या नारळाच्या रोपाकडे. वीस वर्षांत या परड्यात काय कुठे लावायचं हे तिने मला कधी विचारलं नव्हतं.

"खड्डो मारूक माणूस येतलो आता," ती म्हणाली. "माड खय लावया, ता तूच सांग."

मी गोठ्यामागची जागा दाखवली. ती म्हणाली, थय सावली. मी कुंपणाकडची दाखवली. ती म्हणाली, थय खडक. माणूस कुदळ घेऊन येऊन उभा राहिला, पावसाचे चार थेंब पडले, आणि आम्ही दोघी एकच सफरचंद आलटून पालटून चावत सगळ्या परड्यात भांडत फिरत होतो.